चौथं नाव

महालक्ष्म्या घरात बसल्या असताना आवाज चढवायचा नाही, हा लीलाबाईंच्या घरचा कायदा. ज्येष्ठा-कनिष्ठा तीन दिवसांच्या माहेरवाशिणी. त्यांच्या कानावर भांडण पडलं तर पुढच्या वर्षी त्या उंबऱ्यावरूनच परत फिरतात, असं लीलाबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. लीलाबाईंनी ते सुनांना सांगताना त्यात थोडं पदरचंही घातलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी, नैवेद्याच्या ऐन तोंडावर, थोरला गजेंद्र स्वयंपाकघराच्या दारात येऊन जे बोलला ते अगदी हळू बोलला. कुणाच्या कानात निरोप सांगावा तसं.

"माय, तुही नात माह्या पोराचं नाव खोडून राहिली. दुसऱ्यांदा."

लीलाबाईंच्या हातात पुरणाचा गोळा होता. तो त्यांनी पारीत भरला, तोंड दाबलं, पोळपाटावर ठेवला, आणि मग मान वर केली. शेजारी मोठी सून सीमा तव्यावरची पोळी उलटत होती. तिनं काही ऐकलंच नाही अशी पाठ केली.

"कोण म्हणते?"

"तीच म्हणते. बाहेर बसली आहे. इचार."

"नैवेद्य होऊ दे."

"उद्या शेवटची तारीख आहे, माय. नैवेद्य झाला की तुही वामकुक्षी, मंग हळदीकुंकवाच्या बाया. मले आत्ता पायजे."

दुसऱ्यांदा, हा शब्द गजेंद्रनं उगीच वापरला नव्हता. सात वर्षांपूर्वी धाकट्या धर्मेंद्रच्या मुलीचं, आचलचं लग्न निघालं, तेव्हा पत्रिका अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका छापखान्यात छापल्या. खाली 'स्वागतोत्सुक' म्हणून चुलत-मावस भावांची अकरा नावं द्यायची होती. अकरावं ओळीत बसेना, म्हणून छापखानेवाल्यानं कुणाला न विचारता ते गाळलं. ते अमोलचं होतं. नवरीचा सख्खा चुलतभाऊ, घरातला थोरला नातू, आणि पत्रिकेत त्याचा पत्ता नाही. धर्मेंद्र थोरल्याच्या गावी, शेंदूरजनाघाटला जाऊन भावाच्या पाया पडला. गजेंद्रनं त्याला चहा पाजला आणि संत्र्याचा बगीचा दाखवला, पत्रिकेचं नाव काढलं नाही. हळदीला थोरल्या घरचं कुणी आलं नाही. लग्नाला ऐन अंतरपाटाच्या वेळी आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेले. सहाशे माणसांनी पाहिलं.

लीलाबाईंनी हात धुतले नाहीत. पिठाच्या हातानंच त्या बाहेर आल्या.

बैठकीत मखरात दोघी उभ्या होत्या, जरीच्या साड्यांत, डोक्यावर फुलोरा टांगलेला. त्यांच्या समोर, भिंतीला टेकून, आचल मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. चौतीस वर्षांची बाई, अकोल्याला संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, पण आजीच्या घरी आली की सतरंजीवरच बसायची. धर्मेंद्र खिडकीशी उभा राहून बाहेरच्या गाड्या मोजत असावा असा पाहत होता. अमोल मोबाइलमध्ये डोकं घालून होता. अमोल इथेच अमरावतीला फार्मसीच्या कॉलेजात शिकवायचा.

"काय व आचल, काय ऐकून राहिली मी?"

"आजी, मी खोडत नाही आहे," आचल म्हणाली. "मले एक फॉर्म आला आहे. ज्या मासिकात आपला तो डेंगूचा पेपर छापला, त्यांच्याकडून. दादानं प्रमोशनच्या अर्जात तो पेपर पहिल्या नंबरवर लावला. तिथल्या कमिटीतल्या कोणीतरी मासिकाले लिहिलं, की ह्या चौथ्या नावाच्या माणसानं ह्या पेपरात नेमकं केलं काय? आता मासिक म्हणते, चारही जणांनी आपापलं काम लेखी द्या. उद्यापर्यंत."

"मंग दे ना लिहून," गजेंद्र म्हणाला. "खाली रकाने आहेत, अमोलनं दाखवले मले. कोणी आखणी केली, कोणी तपासण्या केल्या, कोणी आकडेमोड केली, कोणी लिहिलं. टाक त्याच्या नावासमोर एक टिक. त्याले तुहं काय जाते?"

"कशावर टाकू, मोठे बाबा?"

"आकडेमोडीवर टाक. बी. फार्म., एम. फार्म. आहे तो. आकडे येत नाईत का त्याले?"

"येतात. पण त्यानं केली नाही."

"म्हणजे काम करून घेतलं अन् आता नाही म्हणतं तू?" गजेंद्रचा आवाज चढायला लागला, त्यानं मखराकडे पाहिलं आणि तो खाली आणला. त्यामुळे तो जास्तच वाईट ऐकू आला. "तुह्या बापानं पत्रिकेतून काढला. तू कागदातून काढून राहिली. आता तुले डिपार्टमेंटचं हेड व्हायचं आहे म्हणून चुलतभाऊ नडून राहिला का?"

"दादा," धर्मेंद्र खिडकीशीच म्हणाला, "तसं नाही. आचल, बेटा, टाकून दे ना एक. घरातलंच आहे."

"बाबा, तुम्ही तरी!"

आचलनं आजीकडे पाहिलं. एकदाच. लीलाबाईंनी ती नजर ओळखली आणि टाळली.

कारण अमोलचं नाव त्या कागदात कसं गेलं, हे त्या घरात तिघांनाच माहीत होतं. एक आचल, एक अमोल आणि तिसऱ्या लीलाबाई.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी आचल माहेरपणाला आली होती. भाजी निवडताना सांगत होती, की चांदूर रेल्वेकडच्या गावांतून डेंगू होऊन गेलेल्या दोनशे चौदा माणसांचं रक्त तपासलं, त्याचा निबंध परदेशी मासिकात छापून येणार. लीलाबाई दुसरी पास. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, त्यात आहे काय. आचलनं सांगितलं, की एकदा आजार होऊन गेला की रक्तातल्या काही पेशी त्याला लक्षात ठेवतात; कोण किती वर्षं लक्षात ठेवतं, ते मोजलं. "म्हणजे रक्ताले चोर याद राहते," लीलाबाई म्हणाल्या, आणि आचलनं मान्य केलं की एवढ्या थोडक्यात तिला कधी सांगता आलं नव्हतं. दुसरा प्रश्न, नावं किती आहेत. आचल म्हणाली, तीन. माझं, आमच्या मॅडमचं, आणि एका डॉक्टरांचं.

"चौथं टाक. अमोलचं."

"आजी, ती काय लग्नपत्रिका आहे?"

"नाई कशी? ज्याच्यात घरच्याचं नाव पायजे, ती पत्रिकाच. तुह्या पत्रिकेपायी माह्या दोन लेकांत बोलणं बंद आहे. त्यानं तुहे रक्ताचे डबे आणले होते की नाई?"

आणले होते. दोनदा. चांदूर रेल्वेहून अकोल्यापर्यंत गाडीनं, बर्फात घातलेलं थर्माकोलचं खोकं मांडीवर घेऊन, धक्का लागू नये म्हणून सीटवर न ठेवता. सत्तावीस वर्षांची नवी नवरी, घरात तिच्याच लग्नावरून अबोला. तिनं नाव टाकलं. मॅडमनीही हरकत घेतली नाही. त्यांनीही कधी कुणाकुणासाठी असं केलं असावं. लीलाबाईंनी तो छापील कागद गजेंद्रला शेंदूरजनाघाटला पाठवला आणि निरोप दिला, "पोरानं लय मेहनत केली म्हणून विलायतेत नाव छापून आलं." दिवाळीला दोन्ही भाऊ एका ताटाला बसले.

आपण घर जोडलं, अशी लीलाबाईंची समजूत होती. सात वर्षं ती त्यांनी मिरवलीही. भजनी मंडळात त्या सांगायच्या, "माह्या नातवंडांच्या कागदाचा तीनशे चाळीस जणांनी दाखला देल्ला." त्यावर पार्बताबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या पिंटूलेही तहसिलीतून दाखला भेटला, उत्पन्नाचा." त्या दिवसापासून लीलाबाईंनी पार्बताबाईंशी टाळ वाटून घेणं बंद केलं होतं.

"तू माह्यासंगं मागं चल," त्या आता आचलला म्हणाल्या. "बाकीचे इथंच बसा. अन् लक्ष्म्यांकडे तोंड करून बसा, एकमेकांकडे नोको."

मागच्या गॅलरीत केळीची पानं धुवून उभी करून ठेवली होती. लीलाबाई पाटावर बसल्या.

"सांग मले. टिक टाकली तर काय होते?"

"ते म्हणतील, आकडेमोड केलेली फाइल ह्याच्याकडून मागवा. त्याच्याजवळ नाही. मग म्हणतील, नाव खोटं तर रक्तही खोटं असेल. मग पूर्ण पेपर मागे घेतील. ज्या तीनशे चाळीस जणांनी त्याच्यावर विसंबून आपलं काम पुढे नेलं, त्यांना कळवतील की हा भरवशाचा नाही. आजी, रक्त खरं आहे. एकेक नमुना मी हातानं मोजला. पहिल्या वर्षी डोळ्याले चष्मा लागला."

"अन् नाई टाकली तर?"

"दादाचं नाव निघेल. पेपर राहील. पण त्याच्यावर कायमची एक चिठ्ठी लागेल, की ह्याच्या नावांची यादी दुरुस्त केली. जो कोणी उघडेल त्याले आधी ते दिसेल. हेडच्या मुलाखतीत मले पहिला प्रश्न तोच येईल. अन् दादाची मुलाखत वीस तारखेले आहे."

लीलाबाईंनी एका पानावरचं पाणी निपटलं. मग म्हणाल्या, "तुहे दुसरे कागद आहेत ना? ते गजेंद्र काय म्हणत होता, बारा की काय?"

"एच-इंडेक्स बारा." आचल थोडी हसली. "म्हणजे माहे बारा पेपर असे आहेत, की प्रत्येकाचा बारा तरी जणांनी उल्लेख केला."

"म्हणजे बारा झाडं, अन् हरेकावर बारा तरी संत्री."

"हो. एका झाडावर तीनशे चाळीस असली तरी ते एकच मोजायचं."

"माप बरं काढलं कोणी. एकाच झाडाच्या जीवावर गावभर मिरवता येत नाई." हे बोलताना भजनी मंडळ डोळ्यांसमोर आलं आणि लीलाबाईंनी पदर उगीच सारखा केला. "मी लिहून देतो. आण तुहा फॉर्म. लिही, की आजीनं जबरदस्ती केली, नातीचा दोष नाई. मी सही करतो. अंगठा नाई, सही."

"आजी, तिथं आजीचा रकाना नाही."

"काहून नाई?"

"त्यांना तू कोण?"

हे आचल टोचायला बोलली नव्हती. पण पन्नास वर्षांत लीलाबाईंना असं कुणी विचारलं नव्हतं. ह्या घरातलं लग्न, वाटणी, बगीचा कोणाला द्यायचा, बाळाचं नाव काय ठेवायचं, सगळं त्यांच्या तोंडून निघायचं आणि तसं व्हायचं. आणि इथं एक चूक त्यांची, पक्की त्यांची, पण ती अंगावर घ्यायलासुद्धा त्यांना जागा नव्हती.

"तू माहं नाव काहून नाई घेतलं मघाशी? सगळ्यांसमोर?"

"तू घेशील म्हणून थांबली होती," आचल म्हणाली आणि पानं उचलून आत गेली.

लीलाबाई परत आल्या तेव्हा गजेंद्र आणि अमोल मखराकडे तोंड करून बसले होते, धर्मेंद्र खिडकीशीच होता. सीमा पदराला हात पुसत दारात उभी होती.

"आत्याबाई, मी बोलू का? लक्ष्म्या बसल्या की सुनांनी बोलूच नाही, असा तर कायदा नाई ना?"

"सीमा, तू आत जाय," गजेंद्र म्हणाला.

"पोळ्या झाल्या. आता आत काही नाई." सीमानं नवऱ्याकडे पाहिलंच नाही. "मागच्या महिन्यात ह्याले नागपूरले भाषणाले बोलावलं होतं. त्याच कागदावर. तिथल्या पोरायनं प्रश्न इचारले. घरी आला तं दोन दिवस जेवला नाई. सूनबाई म्हणे पित्त झालं. मी माय आहे त्याची, मले पित्त अन् शरम यातला फरक समजते. तुमी नाव-नाव करून राहिले, त्या नावाखाली पोरगं दबून राहिलं."

"शरम कायची? काम केलं त्यानं!"

"इचारा ना त्याले. सात वर्षांत एकदा तरी इचारलं का, की काय केलं?"

गजेंद्रनं मुलाकडे पाहिलं. अमोलनं मोबाइल उलटा ठेवला. छत्तीस वर्षांचा माणूस, कानांवर थोडे पांढरे केस. लीलाबाईंना तो अचानक लग्नाच्या मांडवातून न जेवता निघालेला आठवला. तेव्हाही त्याला कुणी विचारलं नव्हतं, की तुला जायचं आहे का.

त्याच्या आधी बोललं पाहिजे, हे लीलाबाईंना कळलं. तो बोलला तर तो खोटा ठरेल. त्या बोलल्या तर त्या.

"गजेंद्र, मी सांगतलं होतं आचलले. नाव टाक म्हणून."

"काय?"

"तुह्या कानानं ऐकलं ते. अमोलनं डबे आणले. दोन डाव. बाकी काही नाई. तुमी दोघं बोलत नव्हते म्हणून मी टाकायले लावलं. अन् तुले खोटं सांगतलं. चूक माही आहे."

'चूक माही आहे' हे तीन शब्द त्या घरात लीलाबाईंच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. धर्मेंद्र खिडकी सोडून खाली बसला.

"माय," गजेंद्र म्हणाला, आणि आता तो खरंच हळू बोलत होता, "मी गावात फ्लेक्स लावला होता. बाजार समितीच्या गेटावर. पोराचा फोटो होता त्याच्यावर."

"माहीत आहे. तो पाहायले मी खास गाडी करून आलती."

"मले वाटलं, बगीच्यातून बाहेर निघालं एक पोरगं."

"निघालंच आहे, बाबा," अमोल म्हणाला. "माहे सोताचे दोन पेपर आहेत. औषधाच्या गोळीच्या लेपावर. खरे आहेत. एकाचा तर चार जणांनी उल्लेखही केला."

"चार?" लीलाबाई म्हणाल्या.

"त्यातला एक मीच."

सीमा हसली, मग आचल. मग दोघींनी तोंडावर पदर आणि ओढणी धरली, कारण समोर देव होता आणि थोरल्याचं तोंड पाहण्यासारखं नव्हतं.

"हसा," गजेंद्र म्हणाला. "वीस तारखेले मुलाखतीत काय सांगशील? चारजण?"

"हो. अन् हा पेपर अर्जातून काढतो. सोमवारी प्रिन्सिपलले सांगतो. नोकरी काढणार नाहीत बहुतेक. प्रमोशन गेलं दोन-तीन वर्षं." अमोलनं बहिणीकडे हात केला. "दे इकडे तो लॅपटॉप. माहा रकाना मी भरतो. काय लिहू? नमुन्यांची ने-आण?"

"त्याले रकाना नाही, दादा. पण शेवटी आभार असतात. बारीक अक्षरात. तिथं लिहिता येते, की नमुने सुखरूप आणून देण्याबद्दल अमोल ह्यांचे आभार."

"मंग तिथं ठेव. ते तरी माहं आहे. एकही शिशी फुटली नव्हती."

गजेंद्र उठला. त्यानं मखराला हात जोडले, चपला घातल्या आणि जिना उतरला. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

"दादा न जेवता चालला," धर्मेंद्र म्हणाला आणि उठायला लागला.

"तू बस. तू गेला की तो पत्रिकेपासून सुरू करेल." लीलाबाईंनी सीमाकडे पाहिलं. "तुले जायचं आहे का त्याच्यासंगं?"

"मले भूक लागली आहे, आत्याबाई," सीमा म्हणाली.

नैवेद्य दाखवून झाला. लीलाबाईंनी पहिलं पान स्वतः वाढलं. पुरणपोळी, वर तूप, सोळा भाज्यांची मिसळ, आंबटगोड कथली, वाटीत ज्वारीची आंबील. पान ताटात ठेवलं आणि ताट घेऊन त्या जिन्यानं निघाल्या. आचलनं हात पुढे केला तो त्यांनी नजरेनंच बाजूला सारला. गुडघ्यांमुळे एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत ठेवत उतरल्या. एकवीस पायऱ्या.

गाडी फाटकाशीच उभी होती. इंजिन सुरू होतं, गाडी निघालेली नव्हती. गजेंद्र स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. लीलाबाईंनी काचेवर ठोकलं नाही, हाक मारली नाही. ताट घेऊन उभ्या राहिल्या. उन्हं कलती होती, पण डांबर तापलेलं होतं आणि त्या अनवाणी होत्या. समोरच्या घरच्या बाईनं गॅलरीतून पाहिलं. लीलाबाईंनी तिला पाहू दिलं.

काही वेळानं इंजिन बंद झालं. दार उघडलं. गजेंद्रनं एक पाय बाहेर काढला, एक आत ठेवला, आणि ताट मांडीवर घेतलं.

"पोरायसमोर बोलली तू," तो म्हणाला. "मले एकट्याले सांगतलं असतं तं मी मानलं असतं का?"

"नाई."

"नाई," तोही म्हणाला.

तो जेवला. पोळी संपवली, भाजी संपवली. वर खिडकीत कुणीतरी वाकून पाहून गेलं. मग त्यानं वाटी तोंडाला लावली, अर्धी प्यायला, आणि वाटीत पाहत म्हणाला,

"आंबील बिघडली यंदा. आंबटच नाई झाली."

दुसऱ्या कोणत्याही वर्षी लीलाबाईंनी त्याला विचारलं असतं, की तुह्या बायकोले येते का चांगली, का तुह्या सासूले येत होती. उत्तर ओठांपर्यंत आलंही होतं.

"हाव," त्या म्हणाल्या. "बिघडली."